डोहजाईची खीर

आमच्या घरात रविवार उजाडायचा तो अण्णांच्या उचकीनं. आधी पेपरवाल्याची सायकल पडवीच्या खांबाला टेकल्याचा आवाज, मग कागदाची सळसळ, मग चुलीपाशी बसलेल्या आईचं “पयला चा तरी घ्या”, आणि तिसऱ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर अण्णांची नजर पोचली की उचकी. एकच, पण अशी ठसठशीत, की गोठ्यातली गाय मान वर करायची. मी अंथरुणातूनच ओळखायची, आज पुन्हा समितीवर लिहून आलंय.

समिती म्हणजे सरकारनं नेमलेली देवस्थान समिती. कचेरी पुण्यात आणि जिल्हाभरातली लहानमोठी देवळं तिच्या ताब्यात. पवनेच्या काठाला, खोल डोहाच्या अंगावर आमच्या गावच्या डोहजाईचं कौलारू देऊळ आहे, ते त्यातलंच एक. पुण्यामुंबईच्या लोकांना समिती म्हटल्यावर काय दिसायचं कोण जाणे. आम्हाला दिसायचे ते अण्णा, एक लोखंडी कपाट, एक शिक्का आणि त्या शिक्क्याची कायम वाळलेली शाईची गादी, जिच्यावर अण्णा आईची नजर चुकवून चमचाभर चहा ओतायचे. अण्णा, म्हणजे नामदेव शेलार, समितीचे कारकून. पहाटे चारला उठून देऊळ उघडायचं, गुरवाला हाक मारायची, आवार झाडून घ्यायचं, आलेल्यागेलेल्याला पाणी विचारायचं आणि कुणाही साहेबाला कशालाही ‘नाही’ म्हणायचं नाही, एवढी त्यांची नोकरी. यातलं शेवटचं कलम त्यांनी स्वतःच घातलं होतं.

तिसऱ्या पानाचा तो उजवा कोपरा एका मोठ्या लेखकाचा होता. ते राहायचे पुण्यात, पण लोणावळ्याला त्यांचा बंगला होता आणि मावळातल्या देवळांवर त्यांचं भारी लक्ष. त्यांचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. आमच्या गावात ते कुणी घेतही नव्हतं. सगळे त्यांना ‘रविवारवाले’ म्हणत. रविवारवाले आरडाओरडा करणारे लेखक नव्हते, तसले परवडले असते. हे हसवायचे. त्यांनी आमच्या समितीचं नाव कुंभकर्ण समिती ठेवलं, आणि झालं. कामशेतच्या भाताच्या गिरणीत अण्णा पोतं घेऊन उभे राहिले की गिरणीवाला ओरडायचा, “सरका सरका, कुंभकर्ण आलं, जागं हायेत तोवर भरडून घ्या!” आणि अण्णा, जे त्या गिरणीतल्या समस्त जागृत जनतेच्या आधी चार तास उठलेले असायचे, ते कसनुसं हसायचे. मला संताप यायचा तो त्यांच्या हसण्याचा.

यापुढची गंमत वाचकांना ठाऊक नसायची. रविवारी सदर आलं की सोमवारी पुण्याहून परिपत्रक निघायचं. रविवारवाल्यांनी लिहिलं, समितीची माणसं झोपलेली असतात. समितीनं काय करावं? देवळांमधल्या खुर्च्या काढून नेल्या. खुर्ची नाही तर झोप नाही. अण्णांनी पुढची दोन वर्षं पत्रव्यवहार दानपेटीवर वही ठेवून उभ्यानं केला. रविवारवाल्यांनी लिहिलं, जाजमं फाटकी आहेत. नवी जाजमं आली, देऊळ गळायचं ते गळतच राहिलं, कारण कौलांवर कुणी लिहिलं नव्हतं. देऊळ कसं आहे हे बघायला पुण्याचे साहेब कधी आले नाहीत. देऊळ कसं छापून येतं, हे मात्र ते डोळ्यांत तेल घालून बघत. अजूनही मी कुठं कुणाच्या तोंडून ‘संस्थेची प्रतिमा’ हे शब्द ऐकले की मला दानपेटीवर वाकलेली अण्णांची पाठ दिसते.

आता आमच्या घराच्या मानाचं सांगते. भात पिवळं पडून कापणीला आलं की जी पुनव येते, त्या दिवशी डोहजाईला वर्षाचा मोठा नैवेद्य असतो. तो आमच्या घरचा, आणि घरच्या सुनेनं नाही, थोरल्या लेकीनं करायचा. लेक लग्न होऊन कुठंही गेलेली असो, त्या दिवशी माहेरी यायचं, स्वतः बांधावर जाऊन बिळात हात घालून खेकडी धरायची, स्वतः रांधायची आणि देवीपुढे ठेवताना तिच्याशी चार शब्द बोलायचे. होय, खेकडी. आमच्या देवीला खेकड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी लागते. नांग्या पाट्यावर वाटायच्या, फडक्यातून पिळून त्यांचा रस काढायचा, भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण आणि घरचा काळा मसाला. त्या कालवणाला असा वास सुटायचा की पलीकडच्या काठाची माणसं उगीचच गुरं शोधत आमच्या काठाला यायची.

तो मान माझ्या आत्याचा होता. सोनाआत्या, अण्णांची थोरली बहीण, कान्हे गावी दिलेली. अंगानं किरकोळ, आवाजानं मोठी. तिला मूल नव्हतं, नवरा लवकर गेला होता, दिराच्या घरात ती वर्षाचे सगळे दिवस खालमानेनं काम करायची आणि पुनवेच्या दिवशी आमच्या अंगणात पाय ठेवला की राणी व्हायची. बांधावर मला शेजारी बसवून शिकवायची, “मंदे, हात घालताना घाबरायचं न्हाई. तू घाबरलीस की त्याला कळतंय.” आत्याच्या मागं तो मान माझा, कारण घरची थोरली लेक मीच.

हे असं चाललेलं असताना, पावसाळा सरता सरता एका दुपारी, देवळापुढं पांढरी गाडी उभी राहिली आणि तिच्यातून साक्षात रविवारवाले उतरले. अण्णांनी त्यांना पेपरातल्या रेखाचित्रावरून ओळखलं. धावत घरी आले, घर देवळाला लागूनच, आणि आईला म्हणाले, “आगं, त्येच आलेत! काय हाय घरात?” घरात होती खीर. आणि ती का होती, तर माझी दाढ सुजली होती. तीन दिवस मी गालाला फडकं बांधून, डोक्यावर त्याची गाठ मारून, सशासारखी बसून होते. मला गिळता यावी म्हणून आईनं तांदळाच्या कण्या दुधात शिजवून गूळ टाकून ठेवल्या होत्या. खरं तर चुलीवर सुकट-वांगंही होतं. पण रविवारवाल्यांच्या अंगावर पांढराशुभ्र झब्बा आणि कपाळाला गंध. अण्णांनी ताडलं की हा माणूस सुकटीच्या वासानंसुद्धा आंघोळ करेल. माझी वाटी माझ्यापुढून उचलली गेली.

रविवारवाले आमच्या पडवीत घोंगडीवर बसले. फार गोड माणूस, हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि तोच खरा त्रास आहे. गावाची चौकशी केली, पुनवेची चौकशी केली. थोरल्या लेकीच्या मानाचं अण्णांनी खुलून सांगितलं. तेवढ्यात खिरीचा घास त्यांच्या तोंडात होता, आणि डोळे मिटून ते म्हणाले, “अहाहा. हाच का तो नैवेद्य?”

पाहुणा जेवत असताना त्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं. साहेबाला तर कधीच म्हणायचं नसतं. अण्णांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि ते म्हणाले, “व्हय साहेब.”

मी उंबऱ्यातून जिवाच्या आकांतानं “अं अं” केलं. बांधलेल्या जबड्यातून तेवढंच निघालं. रविवारवाले प्रेमानं म्हणाले, “बोलता येत नाही का बिचारीला?” अण्णा त्यालाही म्हणाले, “व्हय साहेब.”

पुढच्या रविवारी उचकी आली नाही. अण्णा पेपर घेऊन घरभर नाचले. सदराचा मथळाच ‘डोहजाईची खीर’. नदीकाठचं देऊळ, पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या लेकीच्या हातची सात्त्विक खीर, तिच्यातलं केशर, आणि हे सगळं जपणारी समिती. ज्या समितीला आपण कुंभकर्ण म्हणत आलो ती जागी झाली आहे, असंही त्यांनी मोठ्या मनानं लिहिलं होतं. अण्णांनी ते तीनदा वाचून दाखवलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, “माज्या खिरीत केशर कंदी पडलं? मंदीच्या गालावरचं हळदीचं फडकं तर बुडालं न्हाई ना?” अण्णा म्हणाले, “आगं, मोठा माणूस हाय. लिवताना थोडं पडतं हिकडंतिकडं.”

ते हिकडंतिकडं पडलेलं मग आमच्या डोक्यावर पडलं. गाड्या यायला लागल्या. बायका उतरायच्या, आईला नमस्कार करायच्या आणि ‘ती’ खीर मागायच्या. आई सुरुवातीला लाजेकाजेनं द्यायची. एकीनं वाटीत बघून विचारलं, “पण केशर कुठाय?” त्या दिवशी आईनं पातेलं पालथं घातलं. समितीच्या कचेरीत तर दिवाळी. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं! मोठ्या साहेबांनी तो मजकूर मोठा करून घेतला, काचेत बसवला आणि देवीच्या दाराशी टांगला. आणि सोमवारची चाल सोडवेना, म्हणून परिपत्रकही काढलं. येत्या पुनवेस नैवेद्य परंपरेनुसार खिरीचाच होईल, श्रीमती सोनाबाई यांच्या हस्ते होईल, प्रमुख पाहुणे म्हणून सुप्रसिद्ध स्तंभलेखक उपस्थित राहतील, अन्य कोणताही पदार्थ गाभाऱ्यात नेता येणार नाही. खाली सही, शिक्का. त्या कागदावर ‘परंपरेनुसार’ हा शब्द बघून माझ्या उरलेल्या दाढाही ठणकायला लागल्या.

आत्याला निरोप गेला तशी ती दुसऱ्या दिवशीच कान्ह्याहून आली. कागद मी वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला.

“खीर?” ती म्हणाली. “कुटली खीर?”

अण्णा कपाटात काहीतरी शोधू लागले.

“नामदेवा, मी तुला इचारतेय. कुणी सांगितलं त्यास्नी खीर म्हणून?”

“न्हाई, ते काय झालं आक्का…” अण्णांनी कपाटातच तोंड ठेवून सगळं सांगितलं. आईनं मध्ये मध्ये भर घातली, फडक्यासकट.

आत्या ओरडेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “वर्साचं तीनशे चौसष्ट दिस मला कुणी इचारत न्हाई रं. एक दिस माजा. तो बी तू वाटीत घालून दिलास.”

त्यावर अण्णांना आली तशी उचकी मी कधीच ऐकली नव्हती.

ठरलं असं की लोणावळ्याला जायचं, त्या माणसाला खरं काय ते सांगायचं आणि पेपरात छापायला लावायचं. आत्याला ते अगदी सोपं वाटत होतं. चुकलं तर दुरुस्त करायचं, त्यात काय. पुराव्यासाठी तिनं पहाटे बांधावरून सात-आठ दांडगी खेकडी धरली, टोपलीत घातली, वर फडकं बांधलं. कामशेतहून आगगाडीत बसलो. टोपलीतून खरखर आवाज यायचा तशी समोरची बाई पाय वर घेऊन बसली.

बंगला छान होता. लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, धुकं. रविवारवाल्यांनी आम्हाला बघून हातच पसरले. “या या, शेलार! आणि या मावशी कोण?” मला बघून म्हणाले, “अरे, ही बोलते का आता?”

मी म्हटलं, “बोलते.”

आत्या खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, “साहेब, तुमी लिवलेलं चुकलंय. आमची देवी खीर खात न्हाई. खेकडी खाती.” आणि फडकं सोडलं.

रविवारवाले टोपलीत वाकले आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. “खेकडी! अहो, माझा जीव आहे खेकड्यांवर! मावळची काळी खेकडी म्हणजे… अहो शेलार, मग त्या दिवशी मला खीर का वाढलीत?”

अण्णा पुटपुटले, “साहेब, तुमच्या कपाळाला गंध व्हतं.”

“ते तुमच्याच गुरवानं लावलं हो! देवळात शिरलो नि त्यानं धरून लावलं!”

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा धुक्याकडं बघत होते. माझी वाटी, आत्याचा मान, समितीचं परिपत्रक, काचेतला मजकूर, हे सगळं गुरवाच्या एका बोटावर उभं होतं.

“मग छापा की साहेब तसं,” आत्या म्हणाली.

रविवारवाले बसले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली. “मावशी, तुमचं खरंय. पण सदरात दुरुस्ती बसत नाही हो. रविवारी सकाळी माणसाला चहाबरोबर चूक वाचायची नसते. आणि बघा, पहिल्यांदाच लोक समितीबद्दल चांगलं बोलताहेत. उद्या मी खेकडी लिहिली की पुन्हा नावं ठेवतील, अडाणी म्हणतील, कुठले मागासलेले म्हणतील. मी तुमचं भलंच केलंय.”

“आमाला कशाला ठेवतील नावं? ठेवली तर समितीला ठेवतील. देवी समितीची न्हाई.”

“वा!” रविवारवाले म्हणाले, आणि खिशातून चिठोरी काढून ते वाक्य लिहून घेतलं.

आता अण्णांनी एवढंच म्हणायचं होतं: साहेब, खोटं मी बोललो, मला अद्दल घडवा पण हिचं छापा. मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. अण्णा म्हणाले, “निघतो साहेब.” त्यावर रविवारवाल्यांनी आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं, माझ्या हातात चिक्कीचा पुडा ठेवला, आणि टोपली ठेवून घेतली. पुरावा! त्यांना ती भेट वाटली होती.

परतीच्या गाडीत आत्या रिकाम्या हातांनी खिडकीशी बसली. आम्ही कामशेतला उतरलो, तिला पुढं कान्ह्याला जायचं होतं. गाडी हलायच्या बेताला खिडकीतून म्हणाली, “पुनवेला मी काय येत न्हाई नामदेवा. आन मंदीलाबी ह्यो मान द्यायचा न्हाई. लेकीनं खोटं रांधायचं असंल तर लेक कशापायी पायजे? हाटेलवाला आण.”

रविवारी पेपर उघडला तर त्यात आम्ही होतो. मथळा मी सांगत नाही, अजून अंगावर काटा येतो. एक भोळी माऊली खीर आवडल्याच्या आनंदात लेखकासाठी टोपलीभर खेकडी घेऊन घाट चढून आली, असा सगळा मजकूर. लोणावळ्याला जाताना आम्ही घाट चढलोच नव्हतो, गाडीत बसून गेलो होतो. आत्याचं वाक्यही होतं, पण त्याला शेपूट फुटलं होतं: देवी समितीची नाही, सगळ्यांची आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आईनं तो पेपर चुलीत घातला आणि त्यावर चहा केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कडू चहा.

मी पुढं लोणावळ्याच्या शाळेत मराठी शिकवलं, मुलांना निबंध कसा लिहावा ते सांगितलं, आणि दरवेळी या दोन रविवारांची आठवण होऊन चिडचिड झाली. खोटं लिहिणाऱ्याला माणूस पकडू शकतो. यांनी खोटं लिहिलं नाही. आवडलं ते लिहिलं. समिती आळशी आहे हे आवडलं तेव्हा ते, समिती सात्त्विक आहे हे आवडलं तेव्हा ते. समिती बिचारी त्यांनी काढलेल्या चित्राबरहुकूम भांग बदलत राहिली. आता तर जुन्या हायवेला एका हॉटेलवर पाटी आहे, ‘सुप्रसिद्ध डोहजाई खीर’. मागच्याच महिन्यात तिथं एका बाईंनी मला ऐकवलं, “तुम्हाला ठाऊक नसेल, पण या देवीला केशराशिवाय चालत नाही.” मी म्हटलं, “व्हय.” आणि स्वतःच्याच जिभेला चिमटा घेतला. अण्णांचं रक्त, दुसरं काय.

पुनव आली. देवळापुढं मांडव, लाऊडस्पीकर, खुर्च्या. त्या दिवशी खुर्च्या होत्या. मोठे साहेब पुण्याहून आले, रविवारवाले झब्ब्यात आले, गाड्यांची रांग पार वडापर्यंत. खीर कामशेतच्या आचाऱ्यानं केली होती, तांब्याच्या मोठ्या पातेल्यात, आणि होय, केशर घालून. फक्त आत्या नव्हती. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं, अण्णांना गाभाऱ्याच्या मागं ओढलं. मी आईबरोबर तिथंच फुलांच्या परड्या भरत होते.

“शेलार, बाई कुठंय?”

“येत न्हाई म्हणाली साहेब.”

“अहो, लोक तिला बघायला आलेत! सदर वाचून आलेत!” साहेबांची नजर आईवर पडली. “ह्यांना उभं करा. डोक्यावरून पदर घ्यायला सांगा. कोण ओळखतंय?”

आईच्या हातातली परडी तशीच राहिली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. मी मनातल्या मनात ‘व्हय साहेब’ ऐकूनही टाकलं. तेवढ्यात स्पीकरवर अण्णांचं नाव पुकारलं गेलं, प्रास्ताविकासाठी. प्रास्ताविक मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं, पहिलंच वाक्य ‘परंपरेनुसार’. अण्णा माइकपुढं गेले. कागद उलगडला, घडी केली, खिशात ठेवला. एक उचकी स्पीकरवरून डोहापर्यंत गेली. लोक हसले.

“मंडळी,” अण्णा म्हणाले, “खिरीचं खोटं हाय.”

लोक अजून हसत होते.

“देवीला खीर कंदीच न्हवती. खेकड्याचं कालवण असतंय. ह्या साहेबांनी इचारलं तवा म्या व्हय म्हणलं. त्यांची चूक न्हाई, लबाडी माजी हाय. खीर माज्या पोरीच्या दाढंसाठी केलती. माजी भन खोटा मान घ्यायला तयार न्हाई म्हणून आली न्हाई, आन आता तिच्या जागी माज्या बायकूला उभी करा म्हणत्यात. ते काय माज्यानं व्हनार न्हाई.”

अण्णा ‘न्हाई’ म्हणाले. साहेबांना, स्पीकरवरून. माझ्या हातून फुलं सांडली.

मोठे साहेब लालबुंद. रविवारवाले हनुवटीला हात लावून ऐकत होते, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखे. आणि बायकांच्या गर्दीत, अगदी मागं, कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “सरा गं बायांनो.” पदराआडून वाफ येत होती. आत्या आली होती. अण्णांच्या तोंडाला लागायचं नाही म्हणून सकाळपासून शेजारच्या घरी बसून तिनं कालवण रांधलं होतं. खिरीचं काही का होईना, देवी उपाशी राहायला नको, एवढाच तिचा हिशेब. सगळ्यांच्या मधून ती टोप घेऊन चालत आली, मोठ्या साहेबांच्या समोरून, काचेतल्या मजकुराच्या खालून, थेट गाभाऱ्यात. अडवायला कुणाला सुचलं नाही. वासच तसा होता.

नैवेद्य ठेवून ती देवीशी बोलली, रिवाजाप्रमाणं, आणि आवाज मोठा असल्यामुळं सगळ्या मांडवानं ऐकलं. “आये, उशीर झाला. तुज्या ह्या लेकाला खरं बोलायला म्हैना लागला. पर बोलला. ह्या खेपंला सोड त्याला.”

गर्दी पांगल्यावर रविवारवाले मागच्या दारानं आले, पाटावर बसले, आत्यानं वाढलेलं कालवण भाकरीशी दोनदा मागून घेऊन खाल्लं, नांग्या चोखल्या आणि आत्याच्या पाया पडले. “मावशी, हे लिहिणार,” म्हणाले.

मोठ्या साहेबांचं पत्र दोनच दिवसांत आलं. अण्णांची बदली पुण्याच्या कचेरीत, जुन्या फायलींच्या खोलीत. पुढं निवृत्तीपर्यंत ते पहाटे कामशेतहून गाडी पकडून जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. परिपत्रक मात्र मागं घेतलं नाही, कागदावर डोहजाई आजही खीर खाते. आत्या गेल्यावर मान माझ्याकडं आला. मी उजाडायच्या आधी टोप घेऊन जाते, नवा कारकून मला बघून चपला शोधायला बाहेर जातो, आणि अकरा वाजता समितीचा फोटो खिरीबरोबर निघतो.

त्या पुनवेनंतरचा रविवार आला. आत्या राहिली होती. आम्ही चौघं पडवीत पेपरवाल्याची वाट बघत बसलो होतो, निकालाला बसावं तसे. आई म्हणत होती, आता तुमचंच नाव येणार, जरा बरा सदरा घाला. अण्णांनी पेपर उलगडला. तिसरं पान. उजवा कोपरा. त्यात लोणावळ्याच्या धुक्याचं वर्णन होतं. वरपासून खालपर्यंत धुकं. देवीचा शब्द नाही, आत्याचा नाही, अण्णांचा नाही. मी पान उलटून मागं बघितलं, पुढं बघितलं. एवढं सगळं घडलं, आणि त्या माणसाला त्यातलं लिहिण्यासारखं काही सापडलं नाही! मी संतापानं रडायलाच लागले.

अण्णांनी पेपराची नीट घडी केली. इतक्या वर्षांत त्यांनी रविवारचा पहिला चहा गरम असताना प्यायलेला मी तेव्हा प्रथम बघितला.

“रडती कशाला?” ते म्हणाले. “ब्येस झालं. न्हाई लिवलं. आता जे झालं ते आपल्यात ऱ्हायलं, जसं झालं तसं.”

इतकी वर्षं राहिलंही. आज मीच उठून छापायला दिलं.